बहुसांस्कृतिक बालशिक्षण (वर्धा जिल्हा)

तीन ते सहा-सात वर्षे वयाच्या मुलांच्या वर्गात येणाऱ्या निरनिराळ्या भाषा, जाती, धर्म आणि राहणीच्या रीती यांना शिक्षणातील अडथळा न मानता शिक्षणाची सामग्री मानणारी, आणि त्याचबरोबर त्यांच्याभोवती समाजाने रचलेला उच्चनीचभाव मुलाच्या मनात रुजू नये यासाठी जाणीवपूर्वक प्रयत्न करणारी शिक्षणपद्धती म्हणजे बहुसांस्कृतिक बालशिक्षण. या व्याख्येला दोन बाजू आहेत. घरची भाषा व रीत वर्गात मानाने येणे ही पहिली आणि बाहेरच्या विषमतेला वर्गात थारा न मिळणे ही दुसरी. वर्धा जिल्ह्याचा अनुभव या विषयात महत्त्वाचा ठरतो तो यासाठी की, दुसऱ्या बाजूवर येथे फार लवकर आणि धैर्याने काम झाले, पहिली बाजू मात्र दीर्घकाळ मागे पडली.

शिक्षणशास्त्रातील संज्ञा म्हणून ‘बहुसांस्कृतिक शिक्षण’ अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीनंतर, १९७०च्या दशकात रूढ झाली व जेम्स बँक्स यांनी तिची सैद्धांतिक मांडणी केली. बालवर्गापुरता तिचा विचार लुईस डर्मन-स्पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९मध्ये ‘पूर्वग्रहविरोधी अभ्यासक्रम’ या नावाने पुढे नेला. मूल दोन-तीन वर्षांचे असतानाच रंग, पोशाख व बोली यांतील फरक टिपू लागते आणि मोठी माणसे त्या फरकांना कोणती किंमत देतात हेही लगोलग उचलते, हे त्या विचाराचे मूळ गृहीतक होय. न्यूझीलंडमध्ये १९८२पासून माओरी कुटुंबांनी आपल्या भाषेतील बालगृहे, म्हणजे ‘कोहांगा रेओ’, चालवली व १९९६मध्ये त्या देशाने ‘ते व्हारिकी’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम दोन्ही संस्कृतींचा आधार घेऊन तयार केला. ‘वंश’ हा शब्द मध्यवर्ती धरणारी अमेरिकी चर्चा मराठी मुलखात जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण येथील बालवर्गात मुलांना एकमेकांपासून तोडणारी पहिली रेषा जातीची असते.

सुमारे १३ लाख लोकसंख्येच्या (२०११) वर्धा जिल्ह्यात घरोघरी बोलली जाणारी मराठी बहुतांशी वऱ्हाडी-नागपुरी वळणाची आहे. तिच्याजोडीने मुसलमान मोहल्ल्यांत उर्दू व हिंदी, व्यापारी कुटुंबांत मारवाडी व गुजराती, बंजारा तांड्यांवर गोरमाटी, पारधी बेड्यांवर पारधी, तर गोंड व कोलाम वस्त्यांत गोंडी व कोलामी या भाषा आहेत, जरी पुष्कळ आदिवासी घरांतून आता मराठीच चालते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धर्मांतरानंतर जिल्ह्यात बौद्ध समाजाची स्वतंत्र सांस्कृतिक ओळख उभी राहिली. कापूस वेचणी आणि वीटभट्ट्या यांच्या हंगामात बाहेरून येणारी मजूर कुटुंबे या विविधतेत आणखी भर घालतात.

या भूमीवर शिक्षणाचा नवा विचार मांडला गेला तो २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, जे पुढे नवभारत विद्यालय म्हणून ओळखले गेले, तेथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेत. झाकिर हुसेन समितीने त्यावरून तयार केलेली योजना ‘वर्धा योजना’ किंवा ‘नयी तालीम’ म्हणून ओळखली जाते व तिच्या अंमलासाठी १९३८मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. उत्पादक हस्तोद्योगाच्या आधारे व मातृभाषेच्या माध्यमातून शिक्षण हे तिचे सूत्र होते आणि कोणत्याही एका धर्माच्या शिकवणुकीला तिने अभ्यासक्रमात स्थान दिले नव्हते. तरीही सांस्कृतिक प्रश्न तिला चुकला नाही. मध्यप्रांत सरकारने त्याच सुमारास रविशंकर शुक्ल यांच्या पुढाकाराने ‘विद्यामंदिर’ योजना हाती घेतली, तेव्हा शाळेला ‘मंदिर’ म्हणण्यावरच मुस्लिम संघटनांनी तीव्र हरकत घेतली. हा वाद पुढे पक्षीय राजकारणात ओढला गेला हे खरे असले, तरी सार्वजनिक शाळेचे नाव, तिची प्रार्थना व तिच्या भिंतीवरील चित्रे यांतून कोणाला आपलेपणा वाटतो व कोणाला परकेपणा, हा त्यातील प्रश्न अस्सल होता आणि आजच्या प्रत्येक बालवाडीला तो लागू आहे.

मूळ वर्धा योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. १९४४मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधींनी नयी तालीमची व्याप्ती जन्मापासून मृत्यूपर्यंत वाढवण्याचा विचार मांडला व जानेवारी १९४५मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत शिक्षणाचे प्रौढ, पूर्व-बुनियादी, बुनियादी आणि उत्तर-बुनियादी असे टप्पे मान्य झाले. पूर्व-बुनियादी म्हणजे सात वर्षांखालील मुलांचे शिक्षण. सेवाग्राममध्ये ते उभे करण्याचे काम शांताबाई नारुळकर यांनी केले, आणि त्यांच्याभोवतीचे शिक्षकमंडळही अनेक मुलखांचे होते. तालीमी संघाचे प्रमुख ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे सिलोनमधील तमिळ ख्रिस्ती, त्यांच्या पत्नी आशादेवी या बनारसला वाढलेल्या बंगाली, दोघेही शांतिनिकेतनात काम करून आलेले, तर १९४९च्या सुमारास आलेल्या व शिक्षक-प्रशिक्षण सांभाळणाऱ्या मार्जरी साइक्स या इंग्लंडच्या क्वेकर पंथीय होत्या. सेवाग्राममधील गांधींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत हिंदू, इस्लामी, पारशी व बौद्ध वचने एकापाठोपाठ म्हटली जात, त्यामुळे अनेक धर्मांचे स्वर एका जागी ऐकणे हा परिसरातील मुलांच्या रोजच्या जगण्याचा भाग होता.

पूर्व-बुनियादी वर्गाचा खरा गाभा मात्र प्रार्थनेपेक्षा केरसुणी, पाण्याचा घडा आणि पंगत यांत होता. मुलांनी यावे, हातपाय धुवावेत, एकमेकांची नखे व केस पाहावेत, अंगण झाडावे, पिण्याचे पाणी भरून झाकून ठेवावे, मग एकत्र बसून खावे, असा हा क्रम होता आणि त्यासाठी लागणारी झाडणी, घडे व भांडी खेळण्यातली नसून मुलांच्या हाताला झेपतील अशी खरी असत. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, हे या निवडीचे एक कारण होते. त्याहून महत्त्वाचे कारण सामाजिक होते. ज्या गावात झाडणे हे एका जातीचे काम, पाणी कोणी भरायचे व कोणाच्या हातचे प्यायचे हे ठरलेले आणि पंगतीत कोणी कोठे बसायचे हेही ठरलेले, त्या गावात चार वर्षांच्या सर्व मुलांनी आळीपाळीने झाडणे, वाढणे आणि एकाच घड्यातले पाणी पिणे हा अस्पृश्यतेच्या मुळावरच घाव होता. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांनी १९२८मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले, तेव्हा मोठ्या माणसांना देवळाचा उंबरा ओलांडायचा होता. बालवाडीत तो उंबरा मुलाच्या मनात बांधला जाण्याआधीच त्याची वाट बंद करण्याचा प्रयत्न होता. सणावारांचे पोशाख व खाद्यपदार्थ यांची वर्षातून एकदा ओळख करून देणाऱ्या आजच्या अनेक कार्यक्रमांपेक्षा हा मार्ग अधिक खोल जाणारा होता, कारण त्यात दुसऱ्याविषयी माहिती मिळवण्यापेक्षा दुसऱ्याबरोबर काम करणे होते.

भाषेच्या बाबतीत हा प्रयोग तितका पुढे गेला नाही. नयी तालीमने मातृभाषेचा आग्रह धरला, पण व्यवहारात मातृभाषा म्हणजे प्रांताची प्रमुख भाषा असा अर्थ घेतला गेला आणि तिच्याजोडीला हिंदुस्थानी आली. कोलामी व गोंडी या द्राविड कुळातील भाषा बोलणाऱ्या मुलांची सोय त्यात नव्हती. विशेष म्हणजे कोलामीच्या शास्त्रीय अभ्यासाचा एक मोठा आधार वर्धा जिल्ह्यातच आहे. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी येथील कोलामांकडून ऐकून सामग्री गोळा केली आणि १९५५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोलामीवरील ग्रंथाने या भाषेचा वर्धा भेद जगभरच्या अभ्यासकांना परिचित करून दिला. ज्या बोलीचे व्याकरण परदेशातील विद्यापीठाने छापले, त्या बोलीत जिल्ह्यातील बालवर्गासाठी गोष्टींचे एखादे पुस्तकही सहज हाती येऊ नये, हा विसंवाद दुःखद आहे. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून ज्या तीन जमातींची नोंद आहे त्यांत कोलाम एक आहेत, ही गोष्ट या उणिवेचे गांभीर्य वाढवते.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा दुसरा प्रवाह ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचा असून वर्ध्याच्या प्रयोगाशी त्याचे नाते जवळचे आहे. ताराबाईंनी १९४५मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. दलित वस्तीतील मुले मध्यवर्ती बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली, आणि त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना रूपाला आली. १९५७मध्ये हे काम वारली मुलांसाठी कोसबाडच्या टेकडीवर हलले व तेथे मुलांच्या परिसरातील बिया, पाने, गाणी आणि गोष्टी हेच शैक्षणिक साहित्य बनले. वर्ध्यात सर्व मुलांना एका अंगणात आणण्यावर भर होता, बोर्डी-कोसबाडला शिक्षणाने मुलाच्या अंगणात जाण्यावर. बहुसांस्कृतिक बालशिक्षणाला दोन्ही लागतात.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले आणि वर्धा जिल्ह्यातही गरीब कुटुंबांतील बहुतेक मुलांचा पहिला वर्ग आता हाच असतो. अंगणवाडी सेविका स्थानिक रहिवासी असावी, ही अट या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण मुलाचे बोलणे तिला कळते. वर्ध्याच्या खेड्यातील मूल ‘मले पानी पायजे’ म्हणते, तेव्हा सेविका घडोघडी ‘मले नाही, मला म्हण’ असे सांगू लागली, तर मूल काही दिवसांत शुद्ध बोलण्याऐवजी बोलणेच कमी करते. हीच सेविका ते वाक्य तसेच स्वीकारून पाणी देते आणि गोष्ट सांगताना स्वतः प्रमाण रूपे वापरते, तेव्हा दोन्ही रूपे मुलाच्या कानात शेजारी-शेजारी बसतात. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या घरातील मुलासाठी एवढे पुरत नाही. तेथे त्या वस्तीतील मदतनीस, आजी किंवा मोठी बहीण वर्गात येऊन त्या भाषेत गाणी व गोष्टी सांगू लागल्याशिवाय घर आणि वर्ग यांच्यातील पूल तयार होत नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय द्यावी असे सांगणारे राज्यघटनेतील ‘३५०-अ’ हे कलम प्राथमिक टप्प्याविषयी आहे. बालवाडीच्या वयात घरच्या भाषेचे महत्त्व २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण व २०२२चा पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांनी स्पष्टपणे मान्य केले आहे.

जिल्ह्यातील लोकजीवनात अशा वर्गाला उपयोगी पडणारी सामग्री विपुल आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात साजरा होणारा तान्हा पोळा हा मुलांचाच सण असून सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी विशेष प्रसिद्ध आहे. मुले सजवलेले नंदी दोरीने ओढत घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळवतात. पण बैल हे मालकीचे द्रव्य आहे व नंदीच्या उंचीवरून घरची ऐपतही दिसते. त्यामुळे अंगणवाडीत घरचे नंदी आणायला सांगितले, की भूमिहीन मजुराचे व पारधी बेड्यावरचे मूल मागे सरते. सर्वांनी मिळून वर्गातच मातीचे बैल घडवले, तर सण राहतो आणि मालकीचा प्रश्न गळून पडतो. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांच्या दर्ग्याला हिंदू व मुसलमान दोघेही जातात, आणि व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाल्याची कथा तेथील गोलसर खड्यांशी जोडलेली आहे. हे खडे हातात देऊन सांगितलेली ती कथा चार-पाच वर्षांच्या मुलांना सहज समजते व त्यासाठी सर्वधर्मसमभावाचे व्याख्यान द्यावे लागत नाही. आंबेडकर जयंती, बुद्धपौर्णिमा आणि ईद यांना वर्गाच्या वर्षक्रमात गणपती व दिवाळीइतकीच स्वाभाविक जागा मिळते का, ही या शिक्षणाची साधी कसोटी आहे.

तालीमी संघ १९५९मध्ये सर्व सेवा संघात विलीन झाला आणि सेवाग्रामची मूळ शाळा पुढे बंद पडली. २००५मध्ये नयी तालीम समितीने त्याच परिसरात ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा नव्याने सुरू केली. शेती, सूतकताई, स्वयंपाक व सफाई ही कामे तेथे मुलगे-मुली, सर्व जातींची मुले मिळून करतात. स्वयंपाक हा अभ्यासाचा विषय झाल्याने कोणाच्या घरी काय शिजते, हा प्रश्न चेष्टेऐवजी कुतूहलाचा होतो. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी नर्सरींचा प्रसार झाल्यामुळे मात्र सांपत्तिक ऐपतीनुसार मुले अडीच-तीन वर्षांची असतानाच वेगवेगळ्या दारांनी जाऊ लागली आहेत. ज्या अंगणात वेगवेगळ्या घरांची मुले येतच नाहीत तेथे एकत्र काम करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि सेवाग्रामच्या पूर्व-बुनियादी वर्गासमोर नसलेली ही अडचण आज सर्वांत मोठी ठरली आहे. हंगामापुरत्या येणाऱ्या वीटभट्टीवरील मुलांची अवस्था त्याहून बिकट आहे. त्यांची नावे एका गावच्या अंगणवाडीत असतात, राहणे दुसऱ्या गावी असते आणि बोली तिसऱ्याच मुलखाची असते. ज्या गावी ती पोचली तेथल्या अंगणवाडीने, कागदपत्रे मागण्याआधी, त्यांना आत घेऊन पंगतीत बसवणे ही त्यांच्या शिक्षणाची पहिली पायरी होय.