साखळी ओढली, पाणी नाही!

फ्लशची साखळी ओढावी, आत खडखडाट व्हावा आणि पाणी मात्र येऊ नये, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. शाळेत असे झाले की त्या दाराला कुलूप लागते आणि प्लंबर येईपर्यंत ते तसेच राहते. वास्तविक टाकीचे झाकण उचलून आत पाहायला फारसे धैर्य लागत नाही. टाकीतले पाणी हे नळाचेच पाणी असते, त्याची किळस वाटण्याचे कारण नाही. आणि आत जे दिसते त्यामागे पदार्थविज्ञानाचा एक सुंदर प्रयोग आहे, तसाच एक जुना वादही आहे. कोणतीही वस्तू कधी ना कधी बिघडणारच; मग ती कोणत्या प्रकारे बिघडलेली बरी?

झाकण उचलण्याआधी एक साधी परीक्षा करावी. अर्धी बादली पाणी भांड्यात एकदम ओतावे. ते सपाट्याने निघून गेले तर खालची वाट मोकळी आहे आणि दोष टाकीत आहे. पाणी वर चढू लागले तर खाली तुंबले आहे. टाकीला दोष देण्यात अर्थ नाही. आपण येथे पहिल्या शक्यतेचा, म्हणजे टाकीचाच विचार करू.

पाण्याच्या लोटाने मैला वाहून नेणारे शौचकूप इंग्लंडमध्ये सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ साली एका पुस्तकात वर्णन करून दाखवले. हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र. त्याची कल्पना फारशी पसरली नाही. पुढे अलेक्झांडर कमिंग या लंडनमधील घड्याळजीने १७७५ साली पेटंट घेतले. भांड्याखालच्या पाइपला त्याने इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळण दिले. त्या वळणात थोडे पाणी कायम साठून राहते आणि गटारातील दुर्गंधीयुक्त वायूंना वर येऊ देत नाही. आजही प्रत्येक भांड्याखाली हेच वळण असते. तीन वर्षांनी, १७७८ साली, जोसेफ ब्रामा याने कमिंगच्या रचनेत सुधारणा केली. हाच ब्रामा पुढे कुलपांसाठी आणि द्रवदाबावर चालणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला.

या काळातल्या रचनांमध्ये पाणी अडवण्याचे काम झडप करीत असे. झडप म्हणजे भोकावर बसवलेले झाकण. ते उचलले की पाणी सुटते, सोडले की बंद होते. यापेक्षा सोपे काय असणार? पण झडपेवर पाण्याचा भार रात्रंदिवस असतो. तिच्या कडेला गाळाचा एक कण अडकला किंवा चामड्याचे वेष्टन झिजले, की ती गळू लागते. आणि ही गळती कोणाच्या लक्षात येत नाही. पाणी भांड्याच्या कडेने बारीक धारेने उतरते आणि गटारात जाते. घरमालकाची काहीच अडचण होत नाही, साखळी ओढली की पाणी येतेच!

लंडनमध्ये याला आर्थिक बाजूही होती. पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे होता आणि पाणीपट्टी बहुधा घराच्या करपात्र मूल्यावर ठरत असे, वापरावर नव्हे. गळती दुरुस्त करण्यात घरमालकाचा फायदा नव्हता, तोटा कंपनीचा होता. शिवाय पुरवठा दिवसातून काही वेळच होई. १८७१ च्या कायद्याने लंडनला अखंड पुरवठ्याची वाट मोकळी केली, तेव्हा कंपन्यांची चिंता वाढली. काही तासांचा पुरवठा असेल तर गळतीलाही मर्यादा पडते; चोवीस तास नळ सुरू राहिले की गळतीही चोवीस तास. (आपल्याकडे शहरांना चोवीस तास पाणी देण्याची चर्चा निघते तेव्हा हाच मुद्दा पुढे येतो.) म्हणून कायद्याबरोबर घरातल्या जोडण्यांसाठी नियमही आले. एका वेळी दोन गॅलन, म्हणजे सुमारे ९ लिटरपेक्षा जास्त पाणी सुटू नये आणि टाकीत पाण्याची नासाडी रोखणारी रचना असावी, अशी अट पडली.

या टाकीला इंग्रजीत तेव्हा जे नाव पडले त्याचा अर्थ 'पाण्याची नासाडी थांबवणारे साधन' असा होतो. म्हणजे पाणी सोडणे हे तिचे काम दुय्यम. न सोडणे हे मुख्य! कागदोपत्री ठेवलेली नावे बहुधा रूक्ष असतात, पण हे नाव मला फार बोलके वाटते.

या अटीला उत्तम उतरली ती वक्रनलिका, म्हणजेच सायफन. आपल्याकडे जुन्या घरांत पितळेचा वासुदेवाचा प्याला असे. वासुदेवाच्या डोक्यावर बाळकृष्ण. प्याल्यात पाणी ओतत जावे, ते कृष्णाच्या पायाला लागले की सगळे पाणी तळातून वाहून जाते. मूर्तीच्या आत उलट्या 'यू' आकाराची नळी दडवलेली असते. पाणी तिच्या माथ्यावरून गेले की प्याला रिकामा होईपर्यंत धार थांबत नाही. फ्लशच्या टाकीत हीच नळी असते, फरक एवढाच की तिचा माथा पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवलेला असतो. त्यामुळे पाणी आपोआप माथा ओलांडू शकत नाही. साखळी ओढली की नळीच्या रुंद तोंडातली एक तबकडी वर येते आणि पाण्याचा एक घोट माथ्यावरून पलीकडे ढकलते. तो खाली पडताना नळीतली हवा बरोबर नेतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब उरलेले पाणी मागोमाग ढकलतो. पातळी नळीच्या तोंडाशी आली की हवा आत शिरते, 'घर्रर्र' असा आवाज होतो आणि धार तुटते.

तबकडीला भोके असतात आणि त्यांवर एक लवचीक पडदा असतो. तबकडी वर जाताना पडदा भोके झाकतो. नंतर वाहते पाणी त्याला उचलून भोकांतून पुढे जाते. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत उंच भिंतीवर ओतीव लोखंडाच्या टाक्या असत, त्यांत तबकडीऐवजी जड घंटा असे. साखळीने ती उचलायची आणि सोडायची. पडताना ती खालचे पाणी उभ्या नळीच्या तोंडावरून ढकलते. तत्त्व तेच.

या संदर्भात टॉमस क्रॅपर या लंडनच्या व्यापाऱ्याचे नाव हमखास घेतले जाते. फ्लशचा शोध त्याने लावला ही दंतकथा आहे. तो १८३६ साली जन्मला, म्हणजे ब्रामाच्या पेटंटनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. बिनझडपेच्या टाकीचे १८९८ सालचे पेटंट अल्बर्ट गिब्लिन याच्या नावावर आहे. क्रॅपर अशा टाक्या विकत असे.

आता वादाकडे येऊ. सायफनच्या टाकीत पाण्याच्या पातळीखाली गळू शकेल अशी झडपच नाही. ती बिघडते ती एकाच प्रकारे: पडदा फाटतो, घोट माथ्यापर्यंत पोचत नाही आणि साखळी चार-चारदा ओढावी लागते. म्हणजे आपल्याला चीड आणणारा हा बिघाड पाणी वाया घालवत नाही आणि लपूनही राहत नाही. ज्याची अडचण होते तोच दुरुस्तीला धावतो. इंग्लंडमध्ये टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइपसुद्धा भिंतीबाहेर काढायचा नियम होता. गोळ्याची झडप, म्हणजे बॉल कॉक, बिघडली की भिंतीवरून पाणी ठिबकायचे आणि शेजारीही ओरडायचे!

शतकाहून अधिक काळ टिकलेली ही शिस्त ब्रिटनने सोडली. १९९९ च्या नियमांनुसार १ जानेवारी २००१ पासून फ्लशचे पाणी ६ लिटरवर आले आणि झडपेच्या टाक्यांना परवानगी मिळाली. ओव्हरफ्लो टाकीच्या आतूनच भांड्यात सोडण्यासही मुभा मिळाली. हेतू पाणी वाचवण्याचाच होता. दोन बटनांच्या टाकीत लहान आणि मोठा फ्लश वेगळा करता येतो. परंतु झडप गळो वा बॉल कॉक, पाणी आता मुकाट्याने भांड्यात उतरू लागले. २०२० साली 'वॉटरवाइज' या तेथील पाणीबचतीच्या संस्थेने जाहीर केलेला अंदाज असा, की ब्रिटनमधील शौचकूपांतून रोज सुमारे ४० कोटी लिटर पाणी गळते. दर फ्लशमागे वाचवलेले लिटर आणि गळून गेलेले लिटर यांचा हिशेब मुलांना घालायला चांगला आहे.

आपल्या बाजारात दोन्ही प्रकारच्या टाक्या मिळतात. तुमच्या शाळेत कोणती आहे हे झाकण उचलले की कळेल. मधोमध उलटी नळी किंवा घुमट दिसला तर सायफन. तळाशी रबरी झाकण किंवा वर बटनांचा दांडा असेल तर झडप. सायफनचे पाणी येत नसेल तर आधी पातळी पाहावी. खुणेपेक्षा ती खाली असेल तर घोट माथ्यावर चढत नाही. बॉल कॉकचा दांडा किंवा स्क्रू थोडा वर करून पाणी खुणेपर्यंत आणावे. मग दांडी आणि तबकडी यांना जोडणारा तारेचा आकडा निसटला आहे का ते पाहावे. दोन्ही ठीक असतील तर पडदा फाटला आहे. नळ बंद करून टाकी रिकामी करावी, सायफन सोडवून जुना पडदा काढावा आणि त्याच मापाचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा कापून बसवावा.

झडपेच्या टाकीत मात्र पाणी येत असले तरी तपासणी करायला हवी. टाकीत शाईचे दहा-बारा थेंब टाकावेत आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नये. एवढ्यात भांड्यातल्या पाण्याला रंग चढला, तर झडप गळते आहे.