मुंबई-सोलापूर: ३६० किलोमीटर आणि मधले अडथळे

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित केलं, तर मुंबई-सोलापूर हवाई अंतर येतं साधारण ३६० किलोमीटर. एटीआरसारखं पंख्यांचं विमान ताशी ५०० च्या आसपास जातं. म्हणजे हवेतला वेळ पाऊण तास, चढणं-उतरणं धरून तासभर. गणित इतकं सोपं! पण सोलापूरकराला विचाराल तर तो हसेल. आम्हा नेटवर्कवाल्यांना हे कळतं: केबल किती लांब आहे यापेक्षा मध्ये कुठे तुंबतं त्यावर सगळं अवलंबून असतं.

हे आजचं नाही बरं का. पुण्याहून निघालेली रेल्वे १८६० मध्ये सोलापुरात पोचली. पण मुंबईशी सलग रूळ होते कुठे? मध्ये बोरघाट होता. तेवढा टप्पा गाडीतून उतरून, पालखी किंवा घोड्यावरून पार करायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचं. १८६३ मध्ये २५ बोगदे असलेला घाटमार्ग सुरू झाला आणि ही अडचण सुटली. ते बोगदे खोदताना हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी गेले. प्रवाशांचे तास वाचले, त्याची किंमत अशी दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

आता विमानाचं बघा. होटगी रोडवर विमानतळ होताच. किंगफिशरने मुंबईचं विमान सुरूही केलं होतं, पण ते टिकलं नाही, आणि २०१२ मध्ये तर कंपनीच बंद पडली. २०१७ मध्ये 'उडान'च्या पहिल्या यादीत सोलापूर आलं, तरी विमान काही येईना. यावेळचा घाट म्हणजे सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी, नेमकी विमानाच्या वाटेत. शहरातले म्हणत, पाडा. सभासद शेतकरी म्हणत, आमच्या उसाचं काय? वर्षानुवर्षं आंदोलनं, कोर्टकचेऱ्या. शेवटी १५ जून २०२३ ला महापालिकेने ती पाडली.

पाडली म्हणून विमान लगेच आलं असंही नाही. ९ जून २०२५ ला गोव्याचं सुरू झालं, मुंबईचं त्याच वर्षी ऑक्टोबरात.

दरम्यान, फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत ४५५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग साडेसहा तासांत कापते. विमानतळावर आधी पोचणं आणि मुंबईचं ट्रॅफिक धरलं, तर विमानाने खरे वाचतात दोन-तीन तास. ज्याच्या नोकरीची मुलाखत किंवा घरात आजारपण आहे, त्याला ते लाखमोलाचे. मलाही हवेच आहेत.

फक्त विमानाचं तिकीट काढताना एवढं लक्षात असू द्यावं, की ३६० किलोमीटर १८६० मध्येही ३६०च होते. कमी झाला तो वेळ, आणि त्याचं बिल दोन्ही वेळा गाडीत किंवा विमानात न बसणाऱ्यांच्या नावावर फाडलं गेलं. पुढच्या वेळी अडथळा हटवताना ते बिल आधी वाटून घेता येईल का, हा प्रश्न मला अंतराच्या गणितापेक्षा अवघड वाटतो.