विचारल्याविना साक्ष खोटी नाही : ताई महाराज प्रकरण आणि लंडनचे दोन निकाल

न्यायालयात दिलेली साक्ष खोटी किंवा चुकीची ठरवायची असेल, तर साक्षीदार समोर असतानाच त्याला त्याविषयी विचारले पाहिजे. त्याला उत्तराची संधी न देता, तो निघून गेल्यावर केवळ युक्तिवादात त्याच्यावर आरोप करणे योग्य नव्हे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०२३ रोजी टीयूआय या पर्यटन कंपनीविरुद्धच्या खटल्यात हे तत्त्व नव्याने अधोरेखित केले. हेच तत्त्व १९१५ मध्ये लंडनमध्ये पुण्याच्या एका दत्तक प्रकरणात निर्णायक ठरले होते. त्या प्रकरणात लोकमान्य टिळकांची प्रतिष्ठा पणाला लागली होती. भारतातील न्यायालयांत त्या निकालाचा आधार नंतरही घेतला जात राहिला.

अलीकडचा खटला

एक ब्रिटिश प्रवासी २०१४ मध्ये टीयूआयमार्फत तुर्कस्तानातील हॉटेलात सहलीला गेला असता पोटाच्या विकाराने गंभीर आजारी पडला. हॉटेलातील अन्नपाणी दूषित होते, असा त्याचा दावा होता. त्याच्या बाजूने एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने लेखी अहवाल दिला. कंपनीने या तज्ज्ञाची उलटतपासणी घेतली नाही आणि सुनावणीत स्वतःचा तज्ज्ञही उभा केला नाही. अंतिम युक्तिवादात मात्र अहवालातील उणिवांवर बोट ठेवण्यात आले आणि खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. पहिल्या अपिलात प्रवासी जिंकला, दुसऱ्या अपिलात बहुमताने हरला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात एकमताने जिंकला.

निकालपत्र लॉर्ड हॉज यांनी लिहिले. साक्षीदाराच्या निवेदनाला महत्त्वाच्या मुद्द्यावर आव्हान द्यायचे असेल, तर सर्वसाधारणपणे उलटतपासणीत तो मुद्दा त्याच्यापुढे ठेवला पाहिजे, असे त्यांनी नमूद केले. हा नियम प्रामाणिकपणाबरोबरच अचूकतेच्या वादालाही लागू होतो आणि तज्ज्ञ साक्षीदारही त्यातून सुटत नाही. नियम ताठर नाही. मुद्दा किरकोळ असेल, साक्ष उघडच अविश्वसनीय असेल किंवा तज्ज्ञाचे मत कारणांविना नुसते मांडलेले असेल, तर त्याला अपवाद होऊ शकतो. मात्र पक्षकाराला आणि साक्षीदाराला न्याय्य वागणूक मिळावी आणि न्यायाधीशाला योग्य निष्कर्ष काढता यावा, हा त्यामागील हेतू कायम राहतो. इंग्लंडमध्ये हा नियम ‘ब्राउन विरुद्ध डन’ या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या १८९३ मधील निकालाच्या नावाने ओळखला जातो.

पुण्यातील मृत्युपत्र

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज यांचे ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी मृत्युपत्र करून मालमत्तेची व्यवस्था विश्वस्तांकडे सोपवली. त्यांत टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचा समावेश होता. टिळकांची परिस्थिती तेव्हा बिकट होती. ‘केसरी’तील लेखनाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा पहिला खटला भरला गेला होता आणि अवघ्या काही दिवसांपूर्वी त्यांची जामिनावर सुटका झाली होती. मित्राला दिलेला शब्द म्हणून त्यांनी ही जबाबदारी स्वीकारली. ती त्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत पुरली.

बाबा महाराजांच्या पश्चात जन्मलेला मुलगा लवकरच दगावला. अशा प्रसंगी त्यांच्या पत्नी ताई महाराज यांनी विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी मृत्युपत्रात तरतूद होती. त्यानुसार २८ जून १९०१ रोजी निजामाच्या राज्यातील औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे पंडित घराण्याच्या एका शाखेतील जगन्नाथ या मुलाला दत्तक घेण्यात आले, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. पुढे ताई महाराजांनी हे दत्तविधान नाकारले आणि ऑगस्ट १९०१ मध्ये कोल्हापूरच्या बाळा महाराज यांना दत्तक घेतले. औरंगाबादला आपल्यावर दडपण आणले गेले, असा त्यांचा आरोप होता. विश्वस्तांचे प्रोबेट रद्द करावे, असा अर्जही त्यांनी केला.

या वादाला दोन बाजू होत्या, हे विसरता येणार नाही. एकीकडे मृताच्या इच्छेला बांधलेले विश्वस्त होते. दुसरीकडे कोवळ्या वयात वैधव्य आलेली आणि मालमत्तेचा कारभार इतरांच्या हाती असलेली स्त्री होती. औरंगाबादला प्रत्यक्ष काय घडले, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर साक्षीपुराव्यावरच अवलंबून होते.

फौजदारी खटला

पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले. एवढ्यावर न थांबता, खोटी साक्ष देणे आणि बनावट पुरावा तयार करणे अशा आरोपांवरून त्यांनी टिळकांचे प्रकरण फौजदारी न्यायालयाकडे पाठवले. विशेष दंडाधिकारी क्लेमंट्स यांनी २४ ऑगस्ट १९०३ रोजी टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावली. सत्र न्यायाधीश लुकास यांनी जानेवारी १९०४ मध्ये शिक्षा सहा महिन्यांवर आणली, परंतु दोष कायम ठेवला. टिळकांना काही दिवस येरवड्याच्या तुरुंगात काढावे लागले.

४ मार्च १९०४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स आणि न्या. बॅटी यांनी ही शिक्षा रद्द ठरवली. राजद्रोहाची शिक्षा झालेला माणूस लोकांच्या दृष्टीने देशभक्त ठरत होता. विधवेच्या मालमत्तेसाठी खोटी शपथ घेतल्याचा कलंक वेगळा होता. तो माणसाची वैयक्तिक सचोटीच हिरावून घेणारा होता. त्यामुळे टिळकांच्या दृष्टीने हा खटला राजकीय खटल्यांइतकाच महत्त्वाचा होता.

दिवाणी दावा आणि प्रिव्ही कौन्सिल

जगन्नाथ यांचे दत्तविधान वैध ठरावे यासाठीचा दिवाणी दावा पुण्याच्या न्यायालयात चालला. ३१ जुलै १९०६ रोजी निकाल विश्वस्तांच्या बाजूने लागला. १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. चंदावरकर आणि न्या. हीटन यांच्या खंडपीठाने तो फिरवला. टिळकांसह विश्वस्तांच्या बाजूच्या प्रतिष्ठित साक्षीदारांवर खंडपीठाने विश्वास ठेवला नाही आणि त्यांनी संगनमत केल्याचा निष्कर्ष काढला. टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते.

यावरील अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपुढे गेले. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील खटल्यांचे अंतिम अपील येथे होत असे. ही समिती औपचारिकदृष्ट्या निकाल देत नसे, तर राजाला सल्ला देत असे. तिच्यापुढे नव्याने साक्षी होत नसत. खालच्या न्यायालयांतील छापील कागदपत्रांवर वकील युक्तिवाद करीत. २६ मार्च १९१५ रोजी लॉर्ड शॉ यांनी समितीचा निर्णय जाहीर केला. औरंगाबादचे दत्तविधान खरोखर झाले होते आणि ते वैध होते, असे ठरवून समितीने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला.

कायद्याच्या दृष्टीने या निर्णयातील दुसरा मुद्दा अधिक टिकाऊ ठरला. साक्षीदारांनी पूर्वीच्या प्रोबेट आणि फौजदारी कामकाजात दिलेल्या जबान्या दिवाणी दाव्याच्या कागदपत्रांत सरसकट दाखल झाल्या होत्या. उच्च न्यायालयाने त्यांतील विसंगतींचा आधार घेऊन साक्षीदारांना अविश्वसनीय ठरवले. मात्र त्या विसंगती उलटतपासणीत त्यांच्यापुढे ठेवलेल्याच नव्हत्या. पूर्वीच्या लेखी निवेदनाने साक्षीदाराला खोटे पाडायचे असेल, तर त्यातील नेमका भाग आधी त्याच्या निदर्शनास आणला पाहिजे, असे भारतीय पुरावा कायदा, १८७२ चे कलम १४५ सांगत होते. जबानी कागदपत्रांत आहे एवढ्यावरून ती साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही. त्याला खुलाशाची पूर्ण संधी मिळाली पाहिजे, असे प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले.

हा नियम निव्वळ तांत्रिक नाही. काही वर्षांच्या अंतराने एकाच घटनेविषयी दिलेल्या दोन जबान्यांत फरक पडणे स्वाभाविक असते. तो विस्मरणाने, प्रश्नाच्या रोखाने किंवा भाषांतरामुळेही पडू शकतो. विचारले असता साक्षीदार कदाचित समाधानकारक खुलासा करील, कदाचित अधिकच अडचणीत येईल. दोन्ही परिस्थितींत न्यायाधीशाच्या हाती अधिक माहिती येते. न विचारता काढलेला निष्कर्ष हा अखेर तर्कच राहतो.

चिरोल खटला

चार वर्षांनी टिळक स्वतः वादी म्हणून लंडनच्या न्यायालयात उभे राहिले. पत्रकार सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात हिंदुस्थानातील असंतोषाचे जनकत्व टिळकांना दिले होते. पुढे ते बिरुद मराठी माणसाने अभिमानाने मिरवले. परंतु पुस्तकातील काही मजकूर राजकीय हत्यांचा संबंध टिळकांशी जोडणारा होता आणि त्यात ताई महाराज प्रकरणाचाही समावेश होता. टिळकांनी चिरोल आणि प्रकाशक मॅकमिलन यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा केला.

न्या. डार्लिंग आणि विशेष ज्यूरी यांच्यापुढे २९ जानेवारी १९१९ रोजी सुनावणी सुरू झाली. टिळकांच्या वतीने सर जॉन सायमन, तर चिरोल यांच्या वतीने सर एडवर्ड कार्सन उभे होते. कार्सन हे उलटतपासणीसाठी नावाजलेले वकील होते. टिळकांच्या जुन्या शिक्षा आणि ‘केसरी’तील लेख यांवर त्यांनी टिळकांना प्रदीर्घ प्रश्न विचारले. २१ फेब्रुवारी रोजी ज्यूरीने टिळकांच्या विरोधात कौल दिला आणि खर्चाचा मोठा बोजा त्यांच्यावर पडला. तो भागवण्यासाठी महाराष्ट्रात वर्गणी गोळा करण्यात आली.

या खटल्यात टिळकांना प्रश्न विचारले गेले नाहीत, अशी तक्रार करता येणार नाही. उलटतपासणीचा नियम साक्षीदाराला उत्तराची संधी मिळवून देतो. त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला जाईलच, याची हमी देत नाही. दोन्ही निकालांत फरक होता तो कारणांचा. लॉर्ड शॉ यांना आपला निष्कर्ष पुराव्याच्या आधारे लिहून समजावून सांगावा लागला. ज्यूरीला कोणतीही कारणे द्यावी लागत नव्हती. महायुद्ध नुकतेच थांबलेल्या लंडनमध्ये साम्राज्याच्या विरोधकाचा दावा ज्यूरीने कोणत्या आधारे तोलला, हे तिच्या कौलावरून कळायला मार्ग नाही. म्हणूनच १९१५ चा निर्णय कायद्याच्या पुस्तकांत राहिला, तर १९१९ चा कौल इतिहासाच्या पुस्तकांत गेला.

आजचा कायदा

इंग्लंडमधील अब्रुनुकसानीचा कायदा आता बराच बदलला आहे. २०१३ च्या कायद्यानुसार असे दावे न्यायालयाने वेगळा आदेश दिल्याखेरीज ज्यूरीविना चालतात आणि न्यायाधीशाला सकारण निकाल द्यावा लागतो. दावा दाखल करण्याची मुदत एक वर्षाची आहे. १९१० चे पुस्तक आणि १९१४ मध्ये मंडालेहून सुटलेला वादी, अशा स्थितीत आज मुदतमाफीसाठी न्यायालयाकडे स्वतंत्र विनंती करावी लागली असती.

भारतातून प्रिव्ही कौन्सिलकडे अपील नेण्याची पद्धत १९४९ मध्ये संपुष्टात आली. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमधून मात्र तेथे आजही अपिले जातात. भारतीय पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. जुन्या कलम १४५ ची तरतूद नव्या अधिनियमात कलम १४८ मध्ये आहे. ‘ब्राउन विरुद्ध डन’चे व्यापक तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये ‘उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध नहार सिंग’ या खटल्यात मान्य केले आहे.

सामान्य पक्षकाराला यातून व्यवहारोपयोगी बोध घेता येतो. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात चालणारा वाटपाचा दावा असो की अपघात भरपाईचे प्रकरण, विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराचे म्हणणे अमान्य असेल, तर ते साक्षीच्या वेळीच प्रश्नांतून सांगावे लागते. जुना जबाब, पत्र किंवा अर्ज वापरायचा असेल, तर त्यातील वाक्य साक्षीदाराला दाखवून खुलासा मागावा लागतो. ही संधी गेल्यावर युक्तिवादातील आवेश फारसा उपयोगी पडत नाही. आपल्या वकिलाला याची माहिती आणि कागदपत्रे वेळेत पुरवणे हे पक्षकाराचे काम आहे.

लंडनच्या निर्णयानंतरही ताई महाराज प्रकरणाचे धागेदोरे लगेच सुटले नाहीत. जुलै १९२० मध्ये त्याच प्रकरणातील कामासाठी टिळक मुंबईला गेले, तेथेच आजारी पडले आणि १ ऑगस्ट रोजी सरदारगृहात त्यांचे निधन झाले. बाबा महाराजांच्या मृत्युपत्राला तेव्हा तेवीस वर्षे होत आली होती.