बर्फात पाणी किती?

मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये राहणाऱ्याने हिमालयातल्या बर्फाची चौकशी करावी, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण आपल्याकडे पावसाळ्याच्या अंदाजाची सुरुवात मुळी त्या बर्फापासूनच झाली.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनमध्ये हाहाकार माजवला. पाऊस दगा देणार हे आधी कळले, तर धान्याची तजवीज करता येईल, म्हणून सरकारने हवामान खात्याकडे अंदाज मागितला. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याचे प्रमुख होते हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयावर वसंतात बर्फ जास्त पडला, की कोरडे वारे वाहतात आणि पाऊस कमी होतो, असे त्यांनी १८८४ मध्ये मांडले. ४ जून १८८६ रोजी ब्रह्मदेशासह संपूर्ण हिंदुस्थानसाठी पहिला अंदाज निघाला.

अडचण एकच. ‘बर्फ फार पडला’ म्हणजे नेमका किती? एक मीटर ताज्या, भुसभुशीत बर्फात जेमतेम १० सेंटिमीटर पाणी असते; तोच थर दबून बसला, की मीटरमागे ३०-४० सेंटिमीटर. तेव्हा नुसती उंची मोजून भागत नाही, वजन करावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या नेवाडात जेम्स चर्च यांनी बर्फात नळी खुपसून ती तोलण्याची रीत रुजवली. ही रीत खात्रीची, पण एका जागेपुरती. १९६६ पासून उपग्रह बर्फाचा पसारा दाखवू लागले, पण त्यात जाडी कळत नाही. १९७८ पासून सूक्ष्मलहरींनी पाण्याचाही अदमास घेता येऊ लागला. मात्र ओला किंवा फार जाड बर्फ, तसेच उभे कडे आले, की तोही चुकतो. म्हणून आज तिन्ही साक्षी एकमेकींशी ताडून पाहतात.

वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ पासून वापरलेल्या १६ घटकांच्या प्रारूपात हिमालयाचा आणि युरेशियाचा बर्फ होताच. बरीच वर्षे ते चालले. २००२ मध्ये मात्र सर्वसाधारण पावसाचा अंदाज असताना देशात १९ टक्के तूट आली आणि पुढल्या वर्षी प्रारूप बदलले. घटक वाढवले, म्हणून निसर्ग बांधला जात नाही. अंदाजाच्या आकड्यासोबत त्याची चूक किती असू शकते, तेही सांगितले जाते. पेरणीचा आणि धरणातल्या पाण्याचा हिशेब करताना तो दुसरा आकडाही वाचायला हवा.