कुजक्या वैरणीचे कोडे

सन १९२० च्या सुमारास कॅनडात आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत गुरांना एक विचित्र रोग होऊ लागला. शिंगे कापली किंवा बैलाचे खच्चीकरण केले, की जखमेतून वाहणारे रक्त थांबतच नसे. काही जनावरे तर वरून एकही ओरखडा नसताना, शरीरातल्या शरीरात रक्तस्राव होऊन मरत. रोगजंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग हा रोग होता तरी कशाचा?

ऑन्टॅरिओ पशुवैद्यक महाविद्यालयातील फ्रँक स्कोफिल्ड यांचे लक्ष वैरणीकडे गेले. ही गुरे ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचे, आपल्या मेथीच्या व लसूणघासाच्या गोतातले गवत खात होती. हे गवत पौष्टिक होते, पण ओल्या हवेत नीट न वाळल्यामुळे त्याला बुरशी धरलेली असे. स्कोफिल्ड यांनी एकाच गंजीतून चांगल्या काड्या आणि बुरसटलेल्या काड्या वेगळ्या केल्या व त्या वेगवेगळ्या सशांना खाऊ घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा ठणठणीत राहिला. दुसरा रक्तस्रावाने मेला. वैरणीचा दुसरा नमुना घेऊन पुन्हा प्रयोग केला, तरी तेच घडले. खराब वैरण बंद केली आणि निरोगी जनावराचे रक्त दिले, तर आजारी गुरे वाचू शकतात, हेही त्यांनी दाखवले. पुढे नॉर्थ डाकोटात ली रॉडरिक यांना असे आढळले, की या गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा रक्त गोठण्यासाठी लागणारा घटक कमी पडतो.

शास्त्राच्या दृष्टीने कारण सापडले होते. शेतकऱ्याचे काय? १९२९ नंतरच्या मंदीत ‘ही वैरण फेकून द्या’ हा सल्ला बरोबर असला, तरी बदली वैरण विकत घ्यायला त्याच्याजवळ पैसा नव्हता.

१९३३ च्या फेब्रुवारीत असाच एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात आला. शनिवारची दुपार होती. ज्या पशुवैद्यकीय कार्यालयात त्याला जायचे होते ते बंद होते, म्हणून तो जीवरसायनशास्त्राच्या इमारतीत शिरला. त्याच्याजवळ मेलेली कालवड, बुरसटलेली वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त होते. तेथील प्राध्यापक कार्ल पॉल लिंक त्याला जुनाच सल्ला देऊ शकले: वैरण बंद करा, रक्त द्या. तो तसाच परत गेला. लिंक व त्यांचे सहकारी मात्र त्या रक्ताकडे पाहून स्वस्थ बसू शकले नाहीत.

वैरणीतला नेमका कोणता पदार्थ हे करतो, हे शोधायला सहा वर्षे लागली. प्रत्येक अर्क सशांना देऊन त्यांचे रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते मोजावे लागे. जून १९३९ मध्ये लिंक यांचे सहकारी हॅरोल्ड कॅम्पबेल यांना शुद्ध स्फटिक मिळाले. या गवताला गोड वास देणाऱ्या कूमारिनमुळे रक्ताला काही होत नाही. पण बुरशी त्यात बदल घडवते आणि बदललेले दोन रेणू जोडले जाऊन ‘डायकूमारॉल’ तयार होते. हे द्रव्य ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते.

रक्त गोठू न देणारे हे विष औषधही होऊ शकत होते, कारण नको तेथे रक्ताची गुठळी होणे हेही प्राणघातकच. १९४१ पासून डायकूमारॉल रुग्णांना दिले जाऊ लागले. त्याचेच अधिक प्रभावी भावंड ‘वॉरफरिन’ १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. आजही हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या अनेकांना आपल्याकडे हे किंवा याच गटातले औषध घ्यावे लागते. पालेभाज्या खाण्यात एकदम कमीजास्त करू नका, असे डॉक्टर त्यांना सांगतात. पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते, हे त्याचे कारण.

मूळ प्रश्नाचेही उत्तर निघाले. त्याच विद्यापीठातले वनस्पतितज्ज्ञ कूमारिन कमी असलेल्या स्वीट क्लोव्हरच्या शोधात होते, आणि पुढे तसे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. मात्र तोवर कित्येक गोठे रिकामे झाले होते, आणि प्रयोगशाळेतल्या सशांनीही या ज्ञानाची किंमत मोजली होती. वर्गात ही कथा सांगताना वॉरफरिनपर्यंत घाईने पोचू नये. स्कोफिल्ड यांनी दोन्ही प्रकारच्या काड्या एकाच गंजीतून का घेतल्या, आणि प्रयोग पुन्हा का केला, हे मुलांना आधी विचारावे. त्याचे उत्तर त्यांना स्वतःहून सापडले, तर प्रयोग म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागणार नाही.