दिवाणखान्यातील मोठी झाडे आणि त्यांची छाटणी

रोपवाटिकेतून आणले जाते तेव्हा रबराचे झाड जेमतेम दीड-दोन फुटांचे असते. जाड, चकचकीत, काळसर हिरवी सहा-सात पाने आणि शेंड्यावर तांबूस आवरणात गुंडाळलेले नवे पान, एवढाच त्याचा पसारा. खिडकीजवळची जागा मानवली, की काही वर्षांतच ते छताला टेकते. शेंडा वाकू लागतो, खालची पाने गळून नुसता दांडा उरतो आणि घरात त्याच्याविषयी मतभेद सुरू होतात. इतकी वर्षे वाढवलेल्या झाडाला कात्री लावण्याचा धीर होत नाही. न लावावी तर झाड खोलीत मावत नाही. या पेचातून पुष्कळ झाडे अखेर जिन्याखाली किंवा इमारतीच्या आवारात जातात आणि तेथे अंधाराने अथवा एकाएकी अंगावर आलेल्या उन्हाने संपतात. वास्तविक यांपैकी बहुतेक झाडे छाटणी उत्तम सोसतात. काही मात्र मुळीच सोसत नाहीत. हा भेद ठाऊक नसताना चालवलेली कात्री झाडाच्या जिवावर उठते.

घरात वाढवली जाणारी ही मोठी झाडे मुळात उष्ण कटिबंधातील अरण्यांची रहिवासी आहेत. रबराचे झाड, म्हणजे फायकस इलॅस्टिका, हे तर ईशान्य भारताचेच. मेघालयात खासी आणि जैंतिया लोकांनी ओढ्यांवर घडवलेले जिवंत मुळांचे पूल याच झाडाच्या मुळांचे. (टायरसाठी लागणारे रबर मिळते ते हेविया या ब्राझीलमधील वेगळ्या वृक्षापासून, दिवाणखान्यातील झाडाचा त्याच्याशी नामसाधर्म्यापुरताच संबंध.) सारंगीच्या आकाराच्या पानांचे फिडल लीफ फिग पश्चिम आफ्रिकेतील, मक्याच्या ताटासारखा दिसणारा ड्रसीना आफ्रिकेतील, पानांना नैसर्गिक भोके व चिरा असलेला मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतील, तर अरेका पाम मादागास्करचा. रानात तीस मीटरपर्यंत जाणाऱ्या वृक्षाला नऊ फुटी छताखाली ठेवायचे, तर त्याची उंची माणसानेच ठरवावी लागते.

छाटणीचे शास्त्र समजायला सोपे आहे. खोडाच्या शेंड्यातील वाढणारा कोंब ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार करतो. ते खोडातून खाली उतरते आणि बाजूच्या डोळ्यांना निद्रिस्त ठेवते. शेंडा आहे तोवर झाड सरळ वर जाते, फांद्या फुटत नाहीत. शेंडा कापला, की हा अंकुश सुटतो आणि कापाच्या लगतचे दोन-तीन डोळे जागे होतात. म्हणून एकदांडी झाड डेरेदार करायचे असेल, तर त्याची उंची कमी करण्यावाचून दुसरा मार्ग नाही. पाने खुडून फांद्या फुटत नाहीत.

मात्र हा नियम पामना लागू नाही, हे आधी मनावर ठसवून घ्यावे. अरेका, रॅफिस, केंटिया यांच्या प्रत्येक दांड्याला वाढीचा एकच कोंब असतो आणि तो शेंड्यात असतो. बाजूला निद्रिस्त डोळे नसतातच. उंची कमी करण्याच्या हेतूने अरेकाचा शेंडा उडवला, तर तो दांडा पुन्हा फुटत नाही. उरलेली पाने जुनी होऊन झडतात आणि दांडा वाळतो. अरेकाची कुंडी पुंजक्याने वाढते हे सुदैव. छताला टेकणारा दांडा थेट मातीलगत कापून काढावा. बाकीचे दांडे त्याची जागा घेतात. केंटियाच्या खोडाला बुंध्यापासून नवे फुटवे येत नाहीत, त्यामुळे तो उंच झाला तर जागा बदलणे एवढेच हाती राहते. पामची खालची पाने पिवळी पडताच ती कापण्याची घाईही बरी नव्हे. पोटॅशियमसारखी पोषणद्रव्ये पाम जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतो. पान पूर्ण तपकिरी झाल्यावरच कापावे. शेंडे करपलेले असल्यास तेवढाच भाग पानाच्या मूळ आकाराला धरून तिरका कातरावा आणि तपकिरी रंगाची बारीक कड मागे ठेवावी. हिरव्या भागात कात्री गेली, की तेथून पान पुन्हा करपू लागते.

रबर आणि फिडल लीफ ही फायकस कुळातील झाडे छाटणीस सर्वांत अनुकूल. जेथून फांद्या हव्यात ती उंची आधी ठरवावी. घरातील झाडाची शोभा डोळ्यांच्या पातळीवर असते, हे ध्यानात ठेवून काप साधारण चार फुटांवर घेतला, तर नवे फुटवे पुढच्या दोन वर्षांत योग्य उंचीवर येतात. पान जेथून निघते त्या पेराच्या अर्धा सेंटिमीटर वर, धारदार सिकेटरने एकाच दाबात काप घ्यावा. बोथट कात्रीने खोड चेंगरते आणि चेंगरलेला भाग कुजत खाली उतरतो. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाते स्पिरिटने पुसावे. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. फारच वाढलेल्या झाडाची उंची दोन हंगामांत विभागून उतरवावी.

काप घेताच पांढरा चीक वाहू लागतो आणि नवख्या माणसाचा हात तेथेच थांबतो. चीक ही झाडाची स्वतःची मलमपट्टी आहे. ओले फडके काही मिनिटे दाबून धरले, की तो थांबतो. जखमेवर हळद लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. बोटाएवढ्या जाडीच्या कापाला तिची गरज नसते, पण अपायही नाही. चीक कपड्यांवरून व फरशीवरून सहजी निघत नाही, म्हणून खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि रबराची अॅलर्जी असणाऱ्यांनी हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नये.

शेंडा न गमावता फांदी हवी असेल, तर फिडल लीफवर खाच पाडण्याचा प्रयोग करता येतो. निवडलेल्या डोळ्याच्या किंचित वर, खोडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल आडवी खाच घेतली, की वरून येणाऱ्या संप्रेरकाची वाट त्या बाजूपुरती तुटते. दर वेळी फुटवा येईलच असे नाही, त्यामुळे दोन-तीन डोळ्यांवर खाचा घ्याव्यात. प्रकाश तोकडा असेल, तर मात्र खाच किंवा काप, काहीच धड फुटत नाही. छाटलेले झाड खिडकीपासून दूर ठेवणे ही छाटणी फसण्यामागची सर्वांत नेहमीची चूक.

ड्रसीनाची छाटणी सर्वांत सोपी. त्याचा दांडा हव्या त्या उंचीवर कापला, तरी खाली दोन ते चार फुटवे येतात. कापलेल्या दांड्याचे वीतभर लांबीचे तुकडे करून लावता येतात. फक्त वरचे टोक कोणते हे खडूने आधीच खुणावून ठेवावे, कारण उलटे लावलेले तुकडे रुजत नाहीत.

डिफेनबाखियाही असाच तोडला, की फुटतो, परंतु त्याच्या बाबतीत अधिक सावध राहायला हवे. त्याच्या पानांत व दांड्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तुकडा चावला गेल्यास तोंडाची तीव्र आग होते, जीभ व घसा सुजतो आणि काही काळ बोलणेही कठीण होते. रांगणारी मुले, मांजर किंवा कुत्रा असलेल्या घरात हे झाड हाताला लागेल असे ठेवू नये. छाटणीचे तुकडे ताबडतोब गोळा करावेत आणि हात साबणाने धुवावेत. मुलाने पान चावल्याचे आढळल्यास तोंड पाण्याने स्वच्छ करून डॉक्टरांना दाखवावे. सूज श्वासनलिकेपर्यंत पोचणे क्वचितच घडते, पण घरी वाट पाहत बसण्याजोगी ती गोष्ट नव्हे. मॉन्स्टेरातही हेच स्फटिक असतात.

मॉन्स्टेरा हा वेल आहे आणि त्याला वृक्षासारखे उभे राहण्याची सक्ती केली, की तो आडवा पसरून अर्धी खोली व्यापतो. नारळाच्या काथ्याने मढवलेला खांब कुंडीत रोवून त्याचे खोड त्यावर बांधावे. देठ बांधू नयेत. खोडावरून सुटणारी लांब हवाई मुळे अनेकांना विद्रूप वाटतात. ती सगळी कापण्यापेक्षा खांबाकडे किंवा मातीत वळवावीत, त्यांतून झाडाला पाणी मिळते. वेल लांबल्यावर पेराच्या वर काप घ्यावा. कापलेल्या तुकड्याला किमान एक पेर असले, तरच त्यापासून नवे रोप होते. नुसते पान देठासह पाण्यात ठेवले, तर त्याला मुळे फुटू शकतात, पण कोंब कधीच येत नाही. इंटरनेटवरून असे एकुटे पान विकत घेणाऱ्यांची त्यामुळे निराशा होते.

छाटणीची वेळ ऋतूवर ठरते. मुंबई-कोकणात जून-जुलै हा सर्वोत्तम काळ. हवेत दमटपणा असतो आणि झाड जोमाने वाढत असते. पुणे, नाशिक व विदर्भात फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पंधरवडा हाही चांगला. नागपूरकडच्या मे महिन्यात झाड स्वतःला सावरण्यात गुंतलेले असते, तेव्हा त्याला हात लावू नये. नोव्हेंबर ते जानेवारीत वाढ मंदावलेली असल्याने मोठी छाटणी टाळावी. वाळकी व रोगट पाने मात्र केव्हाही काढता येतात.

वरचा भाग आटोक्यात ठेवताना कुंडीच्या आत काय चालले आहे याकडे दुर्लक्ष होते. दोन-तीन वर्षांनी मुळे गोल फिरत कुंडी भरून टाकतात. पाणी घालताच ते तळाच्या छिद्रातून सरळ वाहून जाते, हे त्याचे लक्षण. दर वेळी मोठी कुंडी घेणे सदनिकेत शक्य नसते. चौदा इंची कुंडी ओल्या मातीसह ३५ ते ४० किलोंपर्यंत भरते आणि ती एकट्याने उचलण्याच्या प्रयत्नात पाठ धरते. त्याऐवजी झाड बाहेर काढून मुळांच्या गड्ड्याचा बाहेरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सुरीने उतरवावा आणि ताज्या मिश्रणात ते त्याच कुंडीत पुन्हा लावावे. पोयट्याची माती, कोकोपीट, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व थोडी जाडसर वाळू असे मिश्रण हलके राहते. मुळांची छाटणी आणि शेंड्याची मोठी छाटणी एकाच दिवशी करू नये. मध्ये महिना-दीड महिना जाऊ द्यावा.

छाटलेल्या झाडाला पाने कमी, म्हणून पाणीही कमी लागते. ही साधी गोष्ट विसरून जुन्या सवयीने रोज पाणी ओतले जाते आणि पावसाळ्यात मुळे कुजतात. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. कोरडे लागले, तरच पाणी द्यावे. खते नवे फुटवे दिसू लागल्यावर सुरू करावीत. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. आठवड्यातून एकदा ताटली नुसती ओतून भागत नाही. या डासाची अंडी कोरड्या पृष्ठभागाला चिकटून कित्येक महिने टिकतात, म्हणून ती घासूनच धुवावी लागते.

पानांवरील धूळ पंधरा दिवसांनी ओल्या मऊ फडक्याने पुसावी. चकाकीसाठी खोबरेल तेल किंवा दूध चोळण्याचा प्रघात आहे. तेलावर धूळ अधिक बसते आणि दूध नासते. दोन्हींची गरज नाही. पुसताना पानांची मागची बाजू पाहणे महत्त्वाचे. देठांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसल्यास ते पिठ्या ढेकूण. सुरुवातीला ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने टिपून काढता येतात. प्रादुर्भाव वाढल्यास साबणाचे काही थेंब मिसळलेले निंबोळी तेल, लिटरभर पाण्यात चमचाभर या प्रमाणात, संध्याकाळी फवारावे.

ही झाडे घरातील हवा शुद्ध करतात, असे जाहिरातींत ठासून सांगितले जाते. त्याचा उगम १९८९ मध्ये नासासाठी झालेल्या अभ्यासात आहे, पण तो बंदिस्त पेट्यांमध्ये केलेला होता. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांची आकडेवारी पुन्हा तपासली. खिडक्यांतून सहज होणाऱ्या वायुविजनाइतका परिणाम साधायचा, तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील, असे त्यांना आढळले. दिवाणखान्यात झाड ठेवायचे ते झाड आवडते म्हणून.

छाटलेला शेंडा टाकून देण्यापूर्वी एक विचार करावा. रबराच्या जाड शेंड्याला पाण्यात मुळे फुटायला वेळ लागतो आणि मध्येच तो कुजण्याचा धोका असतो. त्याऐवजी काप घेण्याआधीच गुटी कलम बांधणे श्रेयस्कर. ठरवलेल्या जागी पेराखालची सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी, चीक पुसावा, त्याभोवती भिजवून पिळलेले शेवाळ मुठीएवढे गुंडाळून पारदर्शक प्लास्टिकने दोन्ही बाजूंनी घट्ट बांधावे. पावसाळ्यात सहा ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. ती पुरेशी दाट झाल्यावर गुटीच्या खाली काप घ्यावा, प्लास्टिक काढून शेवाळासह शेंडा कुंडीत लावावा आणि पहिले पंधरा दिवस तो उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावा. मूळ झाडावर तोवर नव्या फुटव्यांची टोके तांबूस दिसू लागलेली असतात.