डीमन बोलतो, पण ऐकतं कोण? एरर आणि लॉगची साठ वर्षं

आजचा विषय असा आहे, की सगळं सुरळीत चालू असताना तो कुणाला आठवतही नाही. तुमच्या सर्व्हरवर पडद्यामागे कितीतरी प्रोग्रॅम चालू असतात. त्यांच्यासमोर स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, माणूस नाही. अशा प्रोग्रॅमचं काही बिनसलं, तर त्याने सांगायचं कुणाला? प्रश्न साधा वाटतो. पण साठ वर्षांत त्याचं उत्तर बऱ्याचदा बदललंय.

नावापासून सुरू करू. 1963 च्या सुमाराला एमआयटीत, म्हणजे पुण्यातल्या नाही, अमेरिकेतल्या, प्रोजेक्ट मॅक नावाचा प्रकल्प सुरू होता. मशीन होतं आयबीएम 7094. मागे राहून निमूट कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमना तिथल्या लोकांनी गमतीने 'डीमन' म्हणायला सुरुवात केली. हा शब्द आला भौतिकशास्त्रातून. मॅक्सवेलच्या विचारप्रयोगात दोन कप्प्यांमधल्या दारावर बसून वेगवान आणि मंद रेणू वेगळे करणारा एक काल्पनिक जीव आहे, त्याच्यावरून. थोडक्यात डीमन म्हणजे राक्षस नव्हे, न थकणारा गडी. प्रकल्पातले फर्नांडो कॉर्बाटो यांच्या आठवणीनुसार पहिला डीमन फाइल्सचा टेपवर बॅकअप घ्यायचा. हा बॅकअप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बेल लॅब्ज. 1973 मध्ये युनिक्समध्ये पाइप आले, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याचं इनपुट. कल्पना झकास, पण एरर मेसेजही त्याच नळातून वाहत जायचे. तिथे एक फोटोटाइपसेटर होता. कागदाची लांब पट्टी डेव्हलपर मशीनमध्ये घालायची, काही मिनिटं थांबायचं, मग छपाई दिसायची. स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगितलेली आठवण अशी: एका दुपारी अनेकांनी हा सगळा खटाटोप केला, आणि पट्टीवर उमटलेली एकच सुबक ओळ होती, अमुक फाइल उघडता येत नाही! कुरकुर योग्य माणसांच्या कानावर गेली आणि दोन-चार दिवसांत स्टँडर्ड एरर जन्माला आला. इनपुटचा क्रमांक 0, आउटपुटचा 1 आणि तक्रारीचा 2. आउटपुट कुठेही वळवा, तक्रार टर्मिनलवरच येणार.

पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, टर्मिनलसमोर कुणीतरी बसलंय. डीमनच्या बाबतीत नेमकं तेच नसतं. उलट, तुम्ही लॉगआउट केलं तरी तो मरू नये म्हणून त्याला टर्मिनलपासून मुद्दाम तोडावं लागतं. याची कृती ठरून गेली: फोर्क करा, नवं सेशन घ्या, रूट डिरेक्टरीत जा आणि 0, 1, 2 बंद करा. इथे एक खड्डा आहे. युनिक्स नवी फाइल उघडताना सगळ्यात लहान मोकळा क्रमांक देतं. 2 नुसता बंद केला आणि पुढे डेटाबेसच्या फाइलला तोच क्रमांक मिळाला, तर एरर मेसेज थेट तुमच्या डेटाबेसमध्ये लिहिला जाईल. म्हणून तिन्ही क्रमांक डेव्ह नलला जोडायची पद्धत पडली. डेटा वाचला, पण डीमनचं तोंड बांधलं गेलं.

मग त्याने बोलायचं कसं? याचं उत्तर बर्कलीतून आलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एरिक ऑलमन सेंडमेल लिहीत होते. त्याच्याच नोंदींसाठी त्यांनी सिसलॉग तयार केलं. बाकीच्या डीमननी आपापल्या फाइल सांभाळण्याऐवजी एकाच डीमनला निरोप द्यायचा, आणि तो निरोप कुठे ठेवायचा ते त्याने ठरवायचं. प्रत्येक निरोपाला दोन आकडे. एक कुठल्या खात्याचा, दुसरा किती गंभीर: 0 म्हणजे आणीबाणी, 7 म्हणजे डीबग. खात्याला 8 ने गुणून गांभीर्य मिळवायचं. मेल खातं 2, एरर 3, म्हणून 19. आजही खात्यांच्या यादीत प्रिंटर, न्यूज, यूयूसीपी ही नावं आहेत. जुन्या वाड्याच्या पाट्याच म्हणा ना!

सिसलॉग सगळीकडे पसरलं, पण त्याचं लिखित वर्णन आरएफसी 3164 म्हणून आलं थेट 2001 मध्ये. त्यातल्या तारखेत वर्षच नाही. नेटवर्कवरून जाणारे निरोप यूडीपीने जायचे, म्हणजे पोचले तर पोचले. 2009 च्या आरएफसी 5424 ने तारखेत वर्ष आणि टाइमझोन दोन्ही आणले.

दरम्यान डी. जे. बर्नस्टाइन यांनी डीमनटूल्समध्ये उलटा विचार केला. डीमनने स्वतःला तोडूनच का घ्यायचं? त्याने समोरच चालावं, सरळ आउटपुटवर बोलावं. त्याला सांभाळणारा वेगळा, नोंदी लिहिणारा वेगळा. मधला पाइप सांभाळणारा धरून ठेवतो, त्यामुळे लिहिणारा मेला आणि परत उठला तरी पाइपमधली वाक्यं हरवत नाहीत. हाच विचार 2010 मध्ये आलेल्या सिस्टमडीत आणि त्याच्या जर्नलमध्ये दिसतो. 2011 च्या ट्वेल्व्ह-फॅक्टरने तोच नियम म्हणून सांगितला, 2013 च्या डॉकरने तो घरोघरी नेला. म्हणजे फिरून आपण पुन्हा 1 आणि 2 वर आलो. फरक एवढाच, की पलीकडे टर्मिनलच्या जागी आता ऐकायला नेमलेला प्रोग्रॅम आहे.

मला या इतिहासात हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बोलणं हे प्रोग्रॅमचं काम, ऐकायची सोय करणं हे बाहेरच्याचं. दोन्ही एकाच्या गळ्यात घातली की पाणी कुठेतरी मुरतंच. मी ज्या टीममध्ये होतो, तिथे रात्रीच्या बॅकअपच्या ओळीच्या शेवटी कुणीतरी, बहुतेक रोजच्या मेलना कंटाळून, सगळा एरर डेव्ह नलकडे वळवून ठेवला होता. डिस्क भरली, बॅकअप बंद पडला, आणि कित्येक आठवडे कुणाला पत्ता नाही. कळलं ते फाइल परत मिळवायची वेळ आली तेव्हा. ती मिळाली नाही. क्रॉन बिचारा मेल पाठवायला तयारच होता, त्याला पाठवण्यासारखं काही मिळालंच नाही.

आज उलटा रोग आहे. सगळं साठवतो, वाचत कुणीच नाही. जिथे प्रत्येक ओळ 'एरर' असते, तिथे खरा एरर लपायला उत्तम जागा असते. म्हणून आपल्या प्रत्येक डीमनबद्दल तीन प्रश्न विचारा. याचा 2 क्रमांक कुठे जातो? डिस्क भरली तर काय होईल? आणि तो गप्प झाला, तर कुणाला कळेल? तिसऱ्याचं उत्तर लॉगमध्ये सापडत नाही, कारण मेलेला डीमन काही लिहीत नाही. त्यासाठी 'अमुक वेळेत काहीच आलं नाही' असं ओरडणारा दुसरा कुणीतरी लागतो.

तुमच्याकडे असे मुके डीमन असतील तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात, तोपर्यंत लॉग वाचत राहा!